सुरतेची वाट आणि संत पावलूची शाळा

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी उधन्याच्या वस्त्यांतून फिरणाऱ्यास आपण गुजरातेत आहो की खानदेशात, असा संभ्रम पडल्यावाचून राहणार नाही. घरोघर कानबाईची स्थापना झालेली असते, रोटांचा दरवळ सुटलेला असतो आणि दारादारांतून अहिराणी बोल ऐकू येतात. उधना हे आज सुरत शहराचेच एक अंग. मुंबई-बडोदा लोहमार्गावरील या जंक्शनातून तापीच्या खोऱ्याकडे जाणारा फाटा नंदुरबार, अमळनेर, जळगाव या दिशेने वळतो. याच फाट्याने खानदेशातील कुटुंबे यंत्रमागांच्या आणि कापडाच्या गिरण्यांच्या कामासाठी येथे आली आणि उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा या भागांत स्थिरावली. येताना त्यांनी आपले देव आणि आपली भाषा बरोबर आणली.

या कुटुंबांतील मूल घरात अहिराणी बोलते, देवळात मराठी आरती म्हणते, रस्त्यावर गुजराती ऐकते, बापाच्या कामावर हिंदी ऐकते आणि शाळेत इंग्रजी शिकते. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा सुरतेत आहेत. तथापि चार पैसे हाती आले की आईबापांचे लक्ष इंग्रजी माध्यमाकडे, आणि त्यातही पुष्कळदा पाद्र्यांच्या व नन्सच्या शाळांकडे जाते. 'तेथे शिस्त असते, शिक्षण चांगले मिळते', असे सर्वच म्हणतात. पण त्याच श्वासात एखादी आजी विचारते, 'अरे, पण पोर आपले राहील ना?' हा प्रश्न अडाणी म्हणून हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्या समाजाच्या पूर्वजांनी तो चारशे-पावणेपाचशे वर्षांपूर्वी फार मोठी किंमत देऊन विचारलेला आहे. म्हणून त्याचे उत्तर भीतीतून किंवा भिडेतून न देता इतिहासातून शोधावे, असे आम्हास वाटते.

सुरत आणि कॅथोलिक पाद्री यांचा संबंध मराठी माणसास एका प्रसंगाने चांगला परिचित आहे. इ. स. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा फ्रेंच कापुचिन पंथाचे फादर अम्ब्रोझ यांच्या मठास मात्र हात लावू दिला नाही. हे पाद्री सज्जन आहेत, त्यांना उपद्रव होऊ नये, अशी महाराजांची आज्ञा होती, असे त्या काळचा फ्रेंच प्रवासी बर्निये नमूद करतो. धर्म निराळा असला तरी सज्जन माणूस ओळखावा, ही दृष्टी त्या आज्ञेत आहे. आणि आमच्या मते या विषयाकडे पाहण्याची तीच खरी दृष्टी होय. याच सुरतेत पुढे फ्रांस्वा-मारी द तूर या दुसऱ्या एका कापुचिन साधूने हिंदुस्तानी भाषेचा मोठा कोश रचला आणि तो इ. स. १७०४ च्या सुमारास रोमला सादर केला. येथल्या माणसांशी बोलावयाचे तर आधी त्यांची भाषा शिकली पाहिजे, हे त्या साधूने जाणले होते. वाचकांनी ही गोष्ट ध्यानी ठेवावी. आम्ही तिच्याकडे पुन्हा येणार आहो.

परंतु सुरतेच्या वाटेने गेलेले कॅथोलिक पाद्री काही कापुचिनांपासून सुरू होत नाहीत. त्यांच्याही कितीतरी आधी, इ. स. १५७९ च्या नोव्हेंबरात, अकबर बादशहाच्या निमंत्रणावरून येशूसंघाचे, म्हणजे जेझुइटांचे, तिघे पाद्री गोव्याहून निघाले. रुदोल्फो आक्वाव्हिवा हा त्यांचा प्रमुख. आंतोनिओ मोन्सेराते आणि फ्रान्सिस्को हेन्रिकेस हे त्याचे सोबती. समुद्रमार्गे दमण, तेथून सुरत आणि सुरतेहून तापीच्या खोऱ्याने मांडूकडे, असे मजल दरमजल करीत ते १५८० च्या फेब्रुवारी अखेरीस फत्तेपूर सिक्रीस पोहोचले. आज खानदेशची कुटुंबे ज्या खोऱ्याने खाली उधन्यास उतरतात, त्याच खोऱ्याने हे पाद्री वर चढले. बादशहाने मोन्सेरातेस आपला पुत्र मुराद याचा शिक्षक नेमले. अर्थात सुरतेच्या वाटेने गेलेल्या या पाद्र्याचे पहिले मोठे काम शिकविण्याचेच ठरले. आणि यात नवल नाही. कारण हे लोक ज्या घरातून निघाले होते, ते घर म्हणजे एक शाळा होती. ती गोव्यातील संत पॉलची शाळा. लोक तिला 'सांव पावलू' म्हणत आणि तिच्या नावावरून हिंदुस्थानातील सर्व जेझुइटांना 'पावलिस्त' हे नाव पडले. कॅथोलिक शाळेचा आपल्या भूमीतील इतिहास सांगावयाचा तर आरंभ या शाळेपासून केला पाहिजे.

इ. स. १५४१ मध्ये मिगेल व्हाझ आणि दियोगो द बोर्बा या दोघा धर्माधिकाऱ्यांनी गोवा शहरात, म्हणजे आजच्या जुने गोवे येथे, एक धर्मबंधुसंघ स्थापिला आणि येथल्याच मुलांना शिकवून धर्मोपदेशक बनविण्यासाठी एक विद्यालय काढले. दुसऱ्या वर्षी, १५४२ च्या मे महिन्यात, फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले. पुढे काही वर्षांत विद्यालयाचा सारा कारभार येशूसंघाच्या हाती आला. इतपत हकीकत कोणत्याही पुस्तकात सापडते. आमच्या वाचकांनी मात्र तिची दुसरी बाजूही वाचावयास हवी. विद्यालयाचा खर्च कोठून चालावयाचा? तिसवाडी बेटावरील देवळे आदल्याच वर्षी, म्हणजे १५४० मध्ये, पाडली गेली होती. त्या देवळांच्या इनाम जमिनींचे उत्पन्न या नव्या संस्थेकडे वळविण्यात आले. देवाच्या पूजेसाठी, भजनासाठी, पालखीसाठी पूर्वजांनी सोडलेले भात ज्या कोठारात जाऊ लागले, ते कोठार या शाळेचे होते.

एवढ्यावरच हे थांबले नाही. आईबाप आणि आजाआजी नसलेली हिंदूंची पोरकी मुले या विद्यालयाच्या स्वाधीन करावीत, असा राजाचा हुकूम १५५९ मध्ये निघाला. चुलत्याच्या वा मामाच्या घरी वाढणारे मूल पाद्र्यांच्या हवाली होणार, या धास्तीने किती घरांनी रात्रीच्या अंधारात खाडी ओलांडली असेल, याची कल्पनाच करावी. याच काळात कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली. आज ज्या देवस्थानांत आपण भाविकतेने जातो, त्यांच्या स्थलांतराची ही कथा त्या शाळेच्या कथेला जोडूनच वाचावी लागते. 'पोर आपले राहील ना?' हा आजीचा प्रश्न त्या रात्रींतून आलेला आहे.

हे सर्व स्पष्टपणे सांगितल्यावर, त्या शाळेत काय शिकविले जाई, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगणे न्यायाचे होईल. तेथे मुले नाना देशांची होती: कोकणी, मलबारी, सिंहली, मलाय, हबशी, चिनी. इ. स. १५४८ मध्ये आंजिरो नावाचा एक जपानी गृहस्थ तेथे शिकण्यास राहिला आणि त्याच्याच तोंडून जपानची माहिती ऐकून झेवियर पुढच्या वर्षी त्या देशी गेले. शिक्षणाच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. लहान मुलांना वाचन, लेखन आणि धर्मपाठ. त्यावरच्यांना लॅटिनचे व्याकरण व वाङ्मय. त्याहून मोठ्यांना तर्क आणि तत्त्वज्ञान. आणि शेवटी ईश्वरविद्या. एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरीवर पाऊल ठेवावयाचे नाही, हा दंडक. येशूसंघाने इ. स. १५९९ मध्ये आपल्या जगभरच्या शाळांसाठी एकच अभ्यासनियमावली ठरवून दिली, तीत हीच पद्धत पक्की केलेली आहे. पाठांतर, उजळणी, विद्यार्थ्यांचे परस्परांशी वादविवाद, सणाच्या दिवशी नाटके, आणि रोजचे गायन, ही त्या पद्धतीची अंगे होत. आजच्या शाळांतील वक्तृत्वस्पर्धा, स्नेहसंमेलने, वार्षिक नाट्यप्रयोग हे ज्यांना अगदी आधुनिक वाटतात, त्यांनी ही यादी पुन्हा एकदा वाचावी.

या वादविवादांतूनच एक अपूर्व घटना घडली. इ. स. १५५६ च्या सप्टेंबरात हबशी देशाकडे निघालेल्या एका धर्माधिकाऱ्याबरोबर एक छापखाना गोव्यास आला. तो पुढे गेलाच नाही. याच विद्यालयात राहिला. हुआन द बुस्तामांते नावाचा स्पॅनिश बांधव तो चालवी. त्याच वर्षी या छापखान्यावर जे पहिले कागद निघाले, ती विद्यार्थ्यांनी जाहीर सभेत सिद्ध करावयाची तत्त्वज्ञानाची प्रमेये होती. म्हणजे हिंदुस्थानात मुद्रित झालेली पहिली वस्तू एका शाळेच्या परीक्षेचे कागद होते! आज आमचा हा अंक वाचकांच्या हाती पडतो, त्याच्या कुळीचा मूळपुरुष हा असा आहे. ज्या कोठारात देवळाचे भात गेले, त्याच आवारात या देशातले मुद्रण जन्मले. इतिहास पाप आणि पुण्य अशा दोन वेगळ्या वह्या ठेवीत नाही. दोन्ही खाती एकाच पानावर असतात.

गायनाची कथाही अशीच. या विद्यालयाच्या धर्तीवर गोव्यातील गावोगावच्या चर्चना जोडून लहान शाळा निघाल्या. त्यांत अक्षरे शिकविली जात आणि त्याबरोबर स्वरलिपी आणि व्हायोलिन. तेथल्या संगीतशिक्षकाला कोकणीत 'मेस्त' म्हणतात. या मेस्तांच्या हाताखाली तयार झालेल्या गोमंतकीय वादकांनी पुढे मुंबईच्या वाद्यवृंदांत आणि विसाव्या शतकात हिंदी चित्रपटांच्या संगीतात फार मोठे काम केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकीच. प्यारेलाल शर्मा हे त्यांचे शिष्य. आपण देवळाच्या उत्सवात ध्वनिक्षेपकावर जी चित्रपटगीते ऐकतो, त्यांतील कितीतरी व्हायोलिनांचे मूळ या चर्चच्या शाळांत आहे.

आता आपण पुन्हा १५७९ सालाकडे वळू. आक्वाव्हिवा सुरतेच्या वाटेला लागण्यापूर्वी जेमतेम महिनाभर, ऑक्टोबर अखेरीस, एक तरुण इंग्रज गोव्याच्या बंदरात उतरला आणि याच संत पॉलच्या विद्यालयात शिक्षण पुरे करण्यासाठी राहिला. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स. एका शाळेतून दोन वाटा फुटल्या: एक बादशहाच्या दरबाराकडे गेली, दुसरी सासष्टीच्या खेड्यांकडे. पहिली वाट लौकरच संपली. बादशहा ख्रिस्ती होत नाही असे पाहून आक्वाव्हिवा १५८३ मध्ये परतला. त्याची नेमणूक सासष्टीवर झाली. तेथील देवळे आधीच जमीनदोस्त झाली होती आणि लोकांची मने पेटलेली होती. त्याच वर्षीच्या जुलैत कुंकळ्ळी येथे चर्चसाठी जागा पाहण्यास गेलेल्या आक्वाव्हिवासह पाच पाद्र्यांना गावकऱ्यांनी ठार मारले. पोर्तुगीजांनी सूड घेतला. गावच्या प्रमुखांना बोलणीच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांचे प्राण घेतले. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्यास गेली, ती आजही 'कुंकळ्ळीकरीण' म्हणूनच ओळखली जाते. कॅथोलिकांच्या लेखी ते पाच पाद्री हुतात्मे आहेत. आमच्या लेखी ते गावकरी हुतात्मे आहेत. दोन्हीकडच्या आया रडल्या, हे मात्र खरे.

मेलेल्या सोबत्यांची प्रेते परत मिळविण्यासाठी जे गेले त्यांत थॉमस स्टीफन्स होता. असा प्रसंग पाहिलेल्या माणसाच्या मनात त्या लोकांविषयी जन्माची अढी बसती, तर कोणी त्याला दोष दिला नसता. त्याने काय केले? तो त्याच सासष्टीत राहिला आणि तेथल्या लोकांची भाषा शिकत गेला. घरात बोलतात ती कोकणी त्याने शिकली आणि ग्रंथात वाचतात ती मराठीही शिकली. सासष्टीतील येशूसंघाचे विद्यालय प्रथम मडगावी होते, ते पुढे रायतूर, म्हणजे राचोल, येथे स्थिर झाले. तेथे त्याने अनेक वर्षे घालविली. त्याच १५८३ साली आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात त्याने येथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, असे लिहिले आहे. भाषाशास्त्र्यांनी हे सूत्र मांडले ते त्यानंतर दोनशे वर्षांनी.

नवे ख्रिस्ती झालेल्या लोकांपुढे एक अडचण होती. त्यांची पुराणे, त्यांचे हरिदास, त्यांच्या ओव्या सर्व काढून घेतलेले होते. त्या जागी काय? ओव्यांवाचून ज्याची पिढ्यान् पिढ्या संध्याकाळ झाली नाही, त्याने लॅटिन प्रार्थनेवर कसे जगावे? स्टीफन्सने या प्रश्नाचे उत्तर म्हणून मराठी ओवीत ख्रिस्ताचे चरित्र लिहिले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे 'क्रिस्तपुराण' इ. स. १६१६ मध्ये रायतूर येथे छापून निघाले आणि पुढे १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या झाल्या. त्यात मराठी भाषेची जी स्तुती आहे ती परकीयाने केलेली आहे हे सांगूनही खरे वाटू नये. देवनागरी खिळे घडविण्याची त्याची इच्छा होती, पण ते साधले नाही. ग्रंथ रोमन लिपीत निघाला. त्याच्या मृत्यूनंतर कोकणी धर्मपाठाचे त्याचे पुस्तक १६२२ मध्ये आणि कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये छापले गेले. आधुनिक काळात मुद्रित झालेले, भारतीय भाषेचे असे व्याकरण त्यापूर्वीचे क्वचितच सापडेल. मंगळूर येथे १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी क्रिस्तपुराण पुन्हा छापले आणि १९५६ मध्ये पुण्यास शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले, तेव्हा मराठी वाचकास ते आपल्या लिपीत भेटले.

आमच्या वाचकांपैकी कोणी म्हणेल, हे सर्व धर्मप्रसारासाठीच होते. होय, होते, ते लपविण्याचे कारण नाही आणि स्टीफन्सनेही ते लपविले नाही. परंतु विचार करावा. देवळाच्या उत्पन्नावर आणि पोरक्या मुलांच्या हुकुमावर उभ्या राहिलेल्या त्या शाळेचे आज काय उरले आहे? रोगराईमुळे जुनी जागा सोडून विद्यालय सतराव्या शतकात दुसरीकडे हलले. १७५९ मध्ये पोर्तुगालच्या सरकारनेच येशूसंघास हाकून दिले. एकोणिसाव्या शतकात इमारत पाडली गेली. जुने गोवे येथे आज रस्त्याच्या कडेस एक काळवंडलेली कमान तेवढी उभी आहे. उलट, त्याच शाळेच्या एका विद्यार्थ्याने येथल्या भाषेपुढे नम्र होऊन जे लिहिले, ते व्याकरण आणि ते पुराण आजही जिवंत आहेत. हिंदू पंडित त्यांचे संपादन करतात आणि विद्यापीठांत त्यांचा अभ्यास होतो. जे सत्तेने घेतले ते गेले. जे भाषेने दिले ते राहिले.

याची उलट बाजूही इतिहासाने दाखविली आहे. इ. स. १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने हुकूम काढला की, तीन वर्षांच्या आत लोकांनी कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावयास शिकावे. ज्या भूमीत कोकणीचे पहिले व्याकरण छापले गेले, त्याच भूमीत, पन्नास वर्षेही लोटली नाहीत तोच, ती भाषा गुन्हा ठरली. हुकुमाने कोकणी मेली नाही. ती चुलीपाशी राहिली, शेतात राहिली, धालो-फुगडीत राहिली, खाडीपलीकडच्या देवळांच्या अंगणात राहिली. शाळेने हाकललेली भाषा घराने आणि देवळाने जपली. १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ मध्ये घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. १९९० च्या सुमारास गोव्याच्या धर्मप्रांताच्या प्राथमिक शाळांनी इंग्रजी सोडून कोकणी माध्यम घेतले आणि २०११ पासून पुन्हा इंग्रजीस अनुदान देण्याचा निर्णय झाला, तेव्हा सर्व समाजांत केवढी खळबळ उडाली, हे वाचकांच्या स्मरणात असेल. म्हणजे हा प्रश्न जुना झालेला नाही.

गुजरातेत विसाव्या शतकात स्पॅनिश येशूसंघी आले तेव्हा त्यांच्यापुढे हाच इतिहास होता. अहमदाबादेस १९५५ मध्ये त्यांचे महाविद्यालय निघाले आणि सुरतेस १९६३ मध्ये सेंट झेवियर्स शाळा सुरू झाली. यांच्यापैकी फादर कार्लोस व्हालेस हे गणिताचे प्राध्यापक. ते गुजराती शिकले, अहमदाबादच्या पोळींतील हिंदू कुटुंबांत पाहुणे म्हणून राहिले, नव्या गणितासाठी गुजराती परिभाषा घडविण्यास झटले, आणि गुजरातीत एवढे सुंदर लिहू लागले की १९७८ मध्ये त्यांना रणजितराम सुवर्णचंद्रक मिळाला. त्यांनी किती जणांना ख्रिस्ती केले असे गुजरातेत कोणी विचारीत नाही. त्यांची पुस्तके मात्र घरोघर आहेत. स्टीफन्सची वाट साडेतीनशे वर्षांनी पुन्हा कोणीतरी चालला, असेच म्हटले पाहिजे.

आता उधन्याच्या आजीस आम्ही काय उत्तर द्यावे? आमचे मत असे आहे की, आज ते हुकूमही नाहीत आणि तो व्हाइसरॉयही नाही. शाळेत मूल आपण स्वखुशीने, आपल्या पायांनी नेऊन सोडतो. तेथील शिस्त, पायरीपायरीने शिकविण्याची रीत, संगीत, वक्तृत्व हे गुण घेण्यासारखे आहेत आणि ते घ्यावेत. सज्जनास सज्जन म्हणण्याचा धडा महाराजांनी याच शहरात घालून दिला आहे. पण पोर आपले राहील की नाही, हे शाळा ठरवीत नाही. गोव्यात शाळेने, राजाने आणि हुकुमाने मिळून जे तीन वर्षांत पुसावयाचे ठरविले, ते तीनशे वर्षांत पुसले गेले नाही. कारण घर आणि देऊळ गप्प बसले नव्हते. उधन्यात आज कोणी हुकूम काढलेला नाही. तरीही शाळेतून आलेल्या मुलाशी आईबापच मोडक्या इंग्रजीत बोलू लागले, आजीची अहिराणी हसण्याचा विषय झाली, देवळातील आरती कोणाला पाठ नाही असे झाले, तर कोंद द आल्व्होरचे काम आपणच आपल्या हातांनी पुरे केले असे होईल.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. उधन्यातील आणि सुरतेतील मराठी देवस्थानांनी आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांसाठी राखून ठेवावी. तीत मुलांनी देवनागरीत लिहावे, एखादी ओवी पाठ करावी आणि आजीने अहिराणीत कानबाईची गोष्ट सांगावी. खर्च काही नाही. लागेल ती एक सतरंजी आणि एक फळा. परक्या देशाच्या एका पाद्र्याने वयाच्या तिशीत येऊन जी भाषा शिकली आणि जिच्यात अकरा हजार ओव्या लिहिल्या, ती भाषा आपल्याच घरातील मुलाने शिकावी, यासाठी एवढे कष्ट फार नव्हेत.